शिसे गेले, तांबे आले

माझा भाचा कॅलिफोर्नियात हरणांची शिकार करतो. आमची ताई माळकरी, तेव्हा तिच्यापुढे हा विषय काढायची सोय नाही! १ जुलै २०१९ पासून तिथे शिकारीत शिशाच्या गोळ्यांना बंदी आली. शिसे हरणाच्या अंगात फुटते, त्याचे कण पसरतात आणि शिकाऱ्याने टाकलेली आतडी खाऊन काँडर गिधाडे मरतात. (आपली गेली गुरांच्या डायक्लोफेनॅकने.) १९८२ साली जगात काँडर उरले होते अवघे २२.

तांबे शिशाहून हलके. तेवढ्याच वजनाची गोळी लांब होते, जुना नेम चालत नाही. भाच्याने सारा उन्हाळा निशाणाचे कागद फोडण्यात घालवला. मोसमात हरीण एकच मिळाले, पण पत्रात स्वारी खूष : "मामा, यंदा आतडी तिथेच ठेवली, निर्धास्तपणे!"