रक्तातला शाप

जॉन कार्पेंटरचा 'हॅलोवीन' १९७८ सालचा. सहा वर्षांचा मायकल मायर्स थोरल्या बहिणीला सुरीने मारतो. वडील मुखवटा काढतात, तर आत कोरा चेहरा. त्याने असं का केलं, हे सिनेमा शेवटपर्यंत सांगत नाही.

पुढच्याच वर्षी कर्टिस रिचर्ड्स या नावाने त्याची पेपरबॅक कादंबरी आली. ती सुरू होते थेट प्राचीन केल्ट लोकांत. तिथे झिडकारलेला एक मुलगा सणाच्या दिवशी खून करतो, मारला जातो, त्याच्या आत्म्याला शाप मिळतो. मग इकडे मायकलला आवाज ऐकू येऊ लागतात. घराण्यात पूर्वीही एकाला ते ऐकू यायचे म्हणे.

लेखकाची अडचण समजते. पडद्यावर मुखवटा नुसता उभा राहिला तरी घाम फुटतो. कागदावर न बोलणाऱ्या माणसाचं काय लिहायचं? मनोरुग्णालयातली वर्षं कादंबरीने भरून काढली, ते मला आवडलंही. पण कारण म्हणून रक्तातला शाप? हे पटत नाही. मी शिक्षक आहे, म्हणूनही असेल. पोराने मारामारी केली की स्टाफरूममध्ये कुणीतरी म्हणतंच, "खानदानच तसं." कधी "मोहल्लाच तसा." कधी त्याच्याही पुढचं. मग त्या पोराला कुणी काही विचारत नाही.

सिनेमातले डॉ. लूमिसही मायकलला निव्वळ दुष्ट ठरवतात. पण निदान त्याच्या आजी-आजोबांना तरी मध्ये ओढत नाहीत.