संगणक-कट्टा : अक्षर तेच, चेहरा वेगळा



पुण्याहून आजीने पाठवलेला मजकूर नातीच्या मॅकवर एका वळणाचा दिसतो, तर बाबांच्या विंडोजवर दुसऱ्याच. मराठीच्या वर्गात दोन पाकळ्यांचा ल गिरवून आलेली आपली मुले पडद्यावर उभ्या दंडाचा ल पाहतात आणि विचारतात, "खरा कुठला?" दोन्ही खरे. पाकळ्यांचा मराठी वळणाचा, दंडाचा हिंदीत रुळलेला. महाराष्ट्र शासनाने २००९ साली मराठी वळणाचेच ल आणि श वापरण्याचा निर्णय काढला. पण इथे आपल्या घरातली यंत्रे आपापल्या फॉन्टप्रमाणे चालतात.

त्याचे कारण सोपे आहे. संगणक अक्षराचे चित्र साठवत नाही, क्रमांक साठवतो. युनिकोड या जागतिक पद्धतीत (पहिली आवृत्ती १९९१) ल चा क्रमांक २३५४. त्याला चेहरा द्यायचे काम फॉन्टचे. विंडोज २००० मध्ये 'मंगल' आला, तो आपल्या र. कृ. जोशींनी रेखाटलेला. विंडोज ८ पासून 'निर्मला' आला. ॲपलकडे 'कोहिनूर', अँड्रॉइडवर 'नोटो'. शिवाय विंडोज अक्षरांच्या कडा पडद्याच्या ठिपक्यांच्या रांगेत बसवते, म्हणून अक्षरे रेखीव पण किरकोळ दिसतात. मॅक मूळ आकार जपतो, म्हणून ती भरदार आणि जरा मऊ दिसतात. क्रमांक शाबूत आहे तोवर या फरकाने काही बिघडत नाही.

खरी काळजी आहे ती नव्वदच्या दशकात आपण टंकलेल्या मराठीची. तेव्हाचे बरेच फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्या क्रमांकांवर मराठी मुखवटे चढवीत, आणि प्रत्येकाची मांडणी निराळी. फॉन्ट गेला की मुखवटा गळतो आणि आईच्या पत्राच्या जागी इंग्रजी अक्षरांचा पसारा उरतो. मजकूर गेलेला नसतो, पण वाचायची किल्ली हरवलेली असते.

म्हणून आमचे सांगणे एवढेच :

१. लॉफ्टमधल्या फ्लॉपी खाली काढा. फाईल उघडली तर मजकूर कोणत्या फॉन्टमध्ये आहे ते नाव टिपून ठेवा. तीच किल्ली.

२. त्या फॉन्टसाठीचा परिवर्तक वापरून मजकूर युनिकोडमध्ये आणा आणि जुन्या छापील प्रतीशी ताडून पाहा. 'दर्या' (समुद्र) आणि 'दऱ्या' (डोंगरांतल्या) हे दोन शब्द वेगळे उमटले, तर काम बरेच नीट झाले म्हणायचे.

३. लग्नपत्रिकेसारखे जे जसेच्या तसे दिसायला हवे, ते फॉन्टसकट पीडीएफ करून पाठवा. जे पुढे वाचायचे, शोधायचे, जपायचे आहे, ते युनिकोडमध्येही ठेवा.

आपल्यापैकी ज्यांना त्या फॉन्टची नावे अजून आठवतात ती पिढी आता सत्तरीकडे झुकली आहे. हे काम या उन्हाळ्यातच उरकू या, आणि नातवंडांना शेजारी बसवून घेऊ या. यंत्र त्यांना कळते, मजकूर आपल्याला.