भाराभर लेन्स कशाला?

डिसेंबरमधील दिल्ली सहलीसाठी आपल्या छायाचित्रण मंडळाची सूचना फलकावर लागली आहे. तिच्यात एक वाक्य असे आहे : 'कॅमेरे व लेन्स प्रत्येकाने आपापल्या सोयीने आणावेत.' या एका वाक्याला माझा विरोध आहे. माझ्या मते सहलीत प्रत्येकाजवळ जास्तीत जास्त एक कॅमेरा आणि त्या दिवसापुरती एकच लेन्स असावी. ज्याच्याकडे जास्त साहित्य आहे, त्यालाही हा नियम लागू असावा. माझ्याकडे वडिलांचा जुना आणि माझा असे दोन कॅमेरे आहेत आणि लेन्स तीन आहेत. म्हणजे नियम झाला तर सगळ्यात आधी माझीच पिशवी रिकामी होणार. तरीही मी हे का म्हणतो, ते सांगतो.

आधी हिशेब. सहलीला आपण सोळा कॅडेट्स जाणार आहोत. त्यांपैकी पाच जणांकडे स्वतःचे मिळून आठ कॅमेरे आहेत. उरलेल्या अकरा जणांसाठी मंडळाचे चार. वसतिगृहात आपल्याला मोबाईल ठेवता येत नाही आणि सहलीतही तो मिळत नाही. बाहेरच्या मुलाला हे विशेष वाटणार नाही, कारण कॅमेरा नसला तरी खिशातल्या मोबाईलवर तो फोटो काढतो. आपल्याकडे ज्याच्या हातात कॅमेरा नाही, त्याच्याजवळ घरी दाखवायला इंडिया गेटचा एक फोटोही राहत नाही. म्हणून 'आपापल्या सोयीने' हे शब्द दिसतात तेवढे साधे नाहीत. सोय पाच जणांची होते.

शिवाय जास्त सामान आणणारा ते सगळे स्वतः वाहतो, असेही नाही. मागच्या सहलीत सातवीतले दोघे दिवसभर सीनियरच्या पिशव्या खांद्याला लावून फिरत होते. त्यांना त्या दिवशी किती फोटो काढायला मिळाले, हे कोणी विचारले नाही. आपल्याला पहिल्या आठवड्यापासून शिकवतात की आपला पिठ्ठू आपणच उचलायचा. हा नियम रूट मार्चला लागू असेल, तर कॅमेऱ्याच्या पिशवीलाही लागू असावा.

पण समजा प्रत्येकाने आपले ओझे आपणच वाहिले, तरी माझे मत बदलणार नाही. कारण मुख्य प्रश्न वजनाचा नाही. साधारण कॅमेरा अर्ध्या किलोच्या आसपास असतो. त्याच्यासोबत येणारी 18–55ची लेन्स त्याहून बरीच हलकी असते. दोन कॅमेरे, तीन लेन्स, चार्जर आणि तिपाई धरली, तरी पाठीवर चार किलोच्या आत-बाहेर भरेल. आपल्याला ते काहीच नाही. ओझे होते ते डोक्याला. पाणपक्षी उडाला की जवळ तीन लेन्स असणारा पिशवीकडे बघतो आणि एक लेन्स असणारा पक्ष्याकडे बघतो. 'एक ना धड, भाराभर चिंध्या' ही म्हण कोणाला सुचली असेल ते माहीत नाही, पण कॅमेऱ्याच्या फुगलेल्या पिशवीला ती नेमकी बसते.

सध्या माझे घर दिल्लीत असल्यामुळे सुट्टीत मी यांपैकी बहुतेक ठिकाणी जातो. म्हणून कोणत्या दिवशी कोणती लेन्स पुरेल, ते सांगू शकतो.

पहिल्या दिवशी आपण निजामुद्दीन स्टेशनला उतरून जवळच्याच हुमायूनच्या मकबऱ्याला जाणार आहोत. तेथे 18–55 पुरते. मकबरा प्रचंड आहे, पण त्याच्याभोवतीची चारबाग त्याहून मोठी आहे, त्यामुळे इमारत चौकटीत मावत नसेल तर चार पावले मागे जायला भरपूर जागा आहे. उंच इमारतीच्या अगदी पायथ्याशी उभे राहून कॅमेरा वर केला की इमारत मागे पडत असल्यासारखी दिसते. कुतुबमिनार तर सुमारे 73 मीटर उंच. त्याचे असे 'पडते' फोटो आपण सगळ्यांनी पाहिले आहेत. त्यावर महागडी वाइड लेन्स हा उपाय नाही, मागे जाणे हा आहे. तिपाई तर घरीच ठेवावी, कारण पुरातत्त्व खात्याच्या वास्तूंमध्ये ती वापरायला परवानगी काढावी लागते.

दुसरा दिवस सुलतानपूरचा. गुरुग्राम जिल्ह्यातले हे राष्ट्रीय उद्यान दीड चौरस किलोमीटरपेक्षाही लहान आहे. 2021 साली त्याला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. हिवाळ्यात तेथे पट्टकादंब हंस, थापट्या, तलवार बदक असे पाहुणे येतात. आपल्याकडच्या तळ्यांवर दिसणारे वारकरी आणि हळदी-कुंकू बदकही तेथे भेटतात. येथे मात्र टेलिफोटोच हवी, 18–55 काही कामाची नाही. म्हणून या दिवशी एकच लेन्स, पण लांबची. कोणी म्हणेल की जितकी मोठी लेन्स तितका पक्षी जवळ. दिल्लीच्या हिवाळ्यात हे पूर्ण खरे नाही. सकाळी तळ्यावर धुके आणि धूर यांचा पडदा असतो. पक्षी जितका दूर, तितका हा पडदा जाड. मोठी लेन्स पक्षी मोठा करते, पण मधला धूर काही पुसत नाही. त्यापेक्षा काठावर न हलता बसून राहिले, तर वारकरी आपणहून जवळ सरकतात. दुसरे म्हणजे, झाडीजवळच्या धुळीत लेन्स काढली-घातली की धूळ थेट सेन्सरवर बसते आणि मग प्रत्येक फोटोतल्या आकाशात तोच डाग दिसतो. थंडीने बोटे बधिर असताना तर लेन्स हातातून निसटायचीही भीती.

तिसऱ्या दिवशी लाल किल्ला आणि चांदणी चौक. गर्दीत मोठी लेन्स काढली की माणसे एक तर तोंड फिरवतात, नाही तर ताठ उभी राहून पोज देतात. लहान कॅमेरा गळ्यात असावा, तोंडाने 'भैया, एक फोटो ले लूँ?' असे विचारावे आणि नाही म्हटले तर हसून पुढे जावे. या दिवशी पुन्हा 18–55, किंवा ज्याच्याकडे असेल त्याने 50ची छोटी लेन्स घ्यावी.

याच दिल्लीत होमाई व्यारावाला यांनी काम केले. त्यांचा जन्म 1913चा, नवसारीचा. शिक्षण मुंबईत, सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये. भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार म्हणून त्या ओळखल्या जातात. 1942 साली नोकरीनिमित्त त्या दिल्लीला आल्या. साडी नेसून, कॅमेऱ्याचे सामान पाठीवर घेऊन त्या सायकलवरून दिल्लीभर फिरत. त्यांच्या हाती स्पीड ग्राफिक आणि रोलीफ्लेक्स असे कॅमेरे असत. स्पीड ग्राफिक चांगलाच जड आणि त्यात एकेक सुटी फिल्म घालून फोटो काढायचा. रोलीफ्लेक्समध्ये एका रोलवर बारा फोटो निघत आणि त्याची लेन्स बदलताच येत नाही. जवळून हवे असेल तर पुढे चालायचे, सगळे हवे असेल तर मागे यायचे. अशा साधनांनी त्यांनी 1947मधले सत्तांतर आणि लाल किल्ल्यावर फडकलेला तिरंगा टिपला. 2011 साली त्यांना पद्मविभूषण मिळाले. कमी साहित्य असले की आपोआप चांगले फोटो येतात, असे मी म्हणत नाही. पण बारा फोटोंच्या रोलमध्ये इतिहास मावला असेल, तर आपल्या चार दिवसांना एक लेन्स अपुरी पडते ही तक्रार मला पटत नाही. नाचता येईना, अंगण वाकडे.

आता माझ्याविरुद्धची बाजू. ती कमकुवत नाही. आमच्या मंडळातला एक सीनियर म्हणतो, 'एकच कॅमेरा नेला आणि तो बंद पडला तर? सैन्यात राखीव ठेवतातच ना?' मुद्दा बरोबर आहे. लग्नाचे फोटो काढणारे दोन कॅमेरे नेतात, कारण अंतरपाट पुन्हा धरता येत नाही. आपल्या पासिंग आउट परेडलाही दोन कॅमेरे हवेतच. जे काम पुन्हा होणार नाही आणि ज्याची जबाबदारी आपल्यावर टाकलेली आहे, तेथे दुसरा कॅमेरा ही चैन नाही. पण राखीव तुकडी कोणाच्या हाताखाली असते? ती कमांडरच्या हाताखाली असते. प्रत्येक जवान स्वतःसाठी एकेक राखीव जवान घेऊन फिरत नाही. तसाच संपूर्ण गटासाठी एक राखीव कॅमेरा सरांजवळ असावा. माझा दुसरा कॅमेरा त्यासाठी द्यायला मी तयार आहे. बाकी प्रत्येकाने जास्तीची एक बॅटरी आणि जास्तीचे एक कार्ड जरूर न्यावे. थंडीत बॅटरी लवकर उतरते. त्यामुळे जास्तीच्या लेन्सपेक्षा जास्तीची बॅटरीच उपयोगी पडण्याची शक्यता अधिक.

दुसरा आक्षेप असा की वडिलांनी हौसेने घेतलेली लेन्स मुलाने का न्यायची नाही? कोणाची वस्तू सक्तीने घ्यावी, असे मी म्हणत नाही. ज्याला द्यायची त्याने मंडळाच्या पेटीत चार दिवसांसाठी द्यावी, ज्याला द्यायची नाही त्याने ती घरी ठेवावी. मात्र सहलीत आणून दुसऱ्याच्या डोळ्यांसमोर पिशवीत बंद ठेवू नये. हा अंक पालकही वाचतात, म्हणून त्यांनाही विनंती, की सहल आली म्हणून नवी लेन्स घेऊ नका. घ्यायचीच असेल तर दुर्बीण घ्या. सुलतानपूरला कॅमेऱ्याची पाळी येईपर्यंत ती चौघांना पुरेल.

असे केले तर हिशेब बदलतो. पाच जणांचे पाच कॅमेरे त्यांच्याजवळच राहतील. उरलेल्या तिघांपैकी एक सरांजवळ राखीव राहील, दोन मंडळाच्या चारमध्ये मिळतील. अकरा जणांना सहा कॅमेरे, म्हणजे जवळजवळ दोघांत एक. एकाने फोटो काढावा, दुसऱ्याने पाहावे आणि वहीत नोंद करावी, अर्ध्या तासाने अदलाबदल. सातवीच्या मुलांची पाळीही यात येईल.

चौथ्या दिवसासाठी माझी सूचना याहून कडक आहे. त्या दिवशी आपण इंडिया गेटजवळच्या राष्ट्रीय युद्धस्मारकाला जाणार आहोत. 25 फेब्रुवारी 2019 रोजी त्याचे उद्घाटन झाले. तेथील त्याग चक्राच्या भिंतींवर 25 हजारांहून अधिक जवानांची नावे कोरलेली आहेत. जवळच परम योद्धा स्थळावर परमवीरचक्र मिळालेल्या 21 वीरांचे अर्धपुतळे आहेत. त्यांत कारवारजवळच्या गावात जन्मलेले, बॉम्बे सॅपर्सचे राम राघोबा राणेही आहेत. 1948च्या एप्रिलमध्ये नौशेरा–राजौरी रस्त्यावरचे सुरुंग काढून त्यांनी रणगाड्यांना वाट करून दिली होती. या ठिकाणी सोळा जणांत मिळून एकच कॅमेरा असावा. त्यातून एक गटाचा फोटो घ्यावा आणि कॅमेरा बंद करावा. एवढी नावे वाचायला दोन्ही डोळे लागतात.

पुढच्या रविवारी मंडळाची बैठक आहे. सूचनेतले 'आपापल्या सोयीने' हे शब्द काढून 'एक कॅमेरा, त्या दिवसाची एक लेन्स, दोन बॅटऱ्या, दोन कार्डे' एवढे लिहावे, असा ठराव मी मांडणार आहे. ज्यांना तो पटत नाही, त्यांनी बैठकीला जरूर यावे आणि उघडपणे बोलावे. आणि ज्या अकरा जणांकडे कॅमेरा नाही, त्यांनी तर यावेच, कारण आजपर्यंत या विषयावर त्यांचे मत कोणी विचारलेले नाही.