फोन पातेल्यात ठेवून भागेल का?



मागच्या महिन्यात एका पाड्यावरच्या बैठकीत सगळ्यांचे फोन गोळा करून भाताच्या मोठ्या पातेल्यात टाकले. वर झाकण, झाकणावर वरवंटा. मग बैठक सुरू झाली. ऐकून हसू येतं, पण पाड्यावरच्या लोकांकडे कारण होतं. त्याच्या आधीच्या बैठकीत जे बोललं गेलं, ते तिसऱ्या दिवशी एका साहेबाच्या तोंडून जसंच्या तसं ऐकायला मिळालं होतं. कोण काय बोललं ते, नावासकट. तेव्हापासून गावागावांतून एकच प्रश्न येतोय. सरकार आपल्या फोनमधून ऐकतं का? ऐकत असेल तर फोन टाकूनच द्यायचे का?

त्या बैठकीचा आम्ही छडा लावला. उलगडा साधाच निघाला. एका पोरानं बोलणं रेकॉर्ड करून ग्रुपवर टाकलं होतं, जे आले नाहीत त्यांनाही कळावं म्हणून. ग्रुपमध्ये दोनशेच्या वर नंबर. त्यातले काही कुणाचे, हे कुणालाच सांगता आलं नाही. पोराचा हेतू चांगला होता, त्याला कुणी बोल लावू नये. पण तिथं कुणाला चोरून ऐकायची गरजच पडली नाही, दार आपणच उघडं ठेवलं होतं.

म्हणजे चोरून ऐकणं होतच नाही, असं मात्र नाही. होतं, आणि ऐकण्यापेक्षा वाईटही होतं. ते नीट समजून घेऊ.

रांचीजवळच्या नामकुमचे फादर स्टॅन स्वामी आपल्यातल्या अनेकांना नावानं माहीत आहेत. झारखंडमधल्या आदिवासींच्या जमिनीसाठी, पाचव्या अनुसूचीसाठी, नक्षलवादी ठरवून तुरुंगात डांबलेल्या आदिवासी पोरांसाठी त्यांनी आयुष्य घातलं. १२ जून २०१९ ला पुणे पोलिसांनी त्यांच्या खोलीतून कॉम्प्युटर नेला. ऑक्टोबर २०२० मध्ये एनआयएनं त्यांना भीमा कोरेगाव प्रकरणात अटक केली. हात इतका थरथरायचा की पेला धरता येत नव्हता, पाणी प्यायला नळीचा पेला मिळावा म्हणून कोर्टात अर्ज करावा लागला. ५ जुलै २०२१ ला, जामिनाची वाट बघत, वयाच्या ८४ व्या वर्षी ते कोठडीतच गेले.

त्यांच्या कॉम्प्युटरची नक्कल अमेरिकेतल्या आर्सेनल नावाच्या तपासणी कंपनीनं बचावाच्या वकिलांसाठी तपासली. तो अहवाल आला डिसेंबर २०२२ मध्ये, म्हणजे फादर गेल्यावर दीड वर्षानं. अहवाल म्हणतो, २०१४ च्या ऑक्टोबरपासून तो कॉम्प्युटर कुणीतरी दुरून ताब्यात घेतला होता, आणि त्यात ४० हून जास्त कागदपत्रं बाहेरून आणून ठेवली होती. जप्तीच्या आदल्या रात्री त्या ‘कुणीतरी’नं आपल्या खाणाखुणा पुसायलाही सुरुवात केली होती. पोलीस सकाळी येणार हे त्याला कसं कळलं, याचं उत्तर आजवर मिळालेलं नाही.

याच खटल्यातले दिल्लीचे रोना विल्सन. १३ जून २०१६ ला त्यांना ओळखीच्या माणसाच्या खात्यावरून ईमेल आला, अमुक कागद उघडून बघा म्हणून. ते खातंही आधीच दुसऱ्याच्या हातात गेलेलं होतं. कागद उघडला, आणि त्यासोबत नेटवायर नावाचा प्रोग्रॅम गुपचूप आत शिरला. आर्सेनलच्या म्हणण्याप्रमाणे पुढं बावीस महिने लॅपटॉप परक्याच्या हातात होता. निदान दहा पत्रं एका लपवलेल्या फोल्डरमध्ये आणून ठेवली गेली. विल्सन यांनी ती कधी उघडल्याचीही खूण नाही. ज्या नव्या वर्डवर ती पत्रं तयार झाली, ते वर्ड त्यांच्या लॅपटॉपवर नव्हतंच. १७ एप्रिल २०१८ ला धाड पडली. जानेवारी २०२५ मध्ये जामीन मिळाला तेव्हा साडेसहा वर्षं तुरुंगात गेली होती, आणि तोवर खटल्यात आरोपही निश्चित झाले नव्हते. एनआयए हे अहवाल मानत नाही. कोर्टात त्यांची छाननी व्हायची आहे, तेव्हा हे कुणी केलं याचा निवाडा आम्ही करत नाही. पण काय होऊ शकतं, ते सगळ्यांना दिसलं.

आपल्या म्हाताऱ्या माणसांना हा प्रकार नवा नाही. रात्री कुणाच्या तरी परसात सागाची चिरलेली फळी टाकायची आणि सकाळी पंच घेऊन यायचं. फरक एवढाच की आता परसात पाऊल उमटत नाही.

म्हणून ‘आमच्याकडे लपवण्यासारखं काय आहे, ऐकू दे खुशाल’ हे जे बैठकीत बरेच जण म्हणतात, ते अर्धंच खरं आहे. आपल्याकडे लपवण्यासारखं काही नसलं, तरी दुसऱ्याला आणून ठेवण्यासारखं असू शकतं.

आता फोनचं. इस्रायलच्या एनएसओ कंपनीचं पेगासस हे नाव सगळ्यांनी ऐकलंय. २०१९ मध्ये व्हॉट्सअॅपच्या कॉलमधून ते जगभरातल्या सुमारे १,४०० फोनमध्ये घालण्याचा प्रयत्न झाला. कॉल उचलायचीही गरज नव्हती. व्हॉट्सअॅपनं ज्यांना सावध केलं त्यांत बस्तरमध्ये आदिवासींसाठी लढणाऱ्या बेला भाटिया होत्या, नागपूरचे वकील होते. कंपनी सांगते, आम्ही फक्त सरकारांनाच विकतो. आपल्या सरकारनं घेतलं की नाही, याला सरकार हो म्हणत नाही आणि नाहीही म्हणत नाही. सुप्रीम कोर्टानं ऑक्टोबर २०२१ मध्ये समिती नेमली. २९ फोन तपासले, ५ मध्ये घातक प्रोग्रॅम सापडला, पण तो पेगाससच आहे असं ठामपणे सांगता आलं नाही. सरकारनं सहकार्य केलं नाही, असं समितीनं कळवल्याचं खुद्द सरन्यायाधीशांनी कोर्टात सांगितलं.

असला प्रोग्रॅम फार महाग असतो. प्रत्येक पाड्यावरच्या प्रत्येक फोनवर तो टाकत नाहीत. वकील, पत्रकार, पुढं दिसणारा कार्यकर्ता यांना धोका जास्त. पण नेटवायरसारखं स्वस्तातलं उघड बाजारात विकलं जात होतं. आणि आपल्याकडे ‘पीएम किसान’च्या नावानं ज्या एपीके फाइली फिरतात, त्या चोरांच्या असल्या तरी आत शिरायचं दार तेच. अशी फाइल कुणीही पाठवो, सख्ख्या भावानं पाठवली तरी उघडायची नाही. आधी भावाला विचारायचं, तूच पाठवलीस का? विल्सनही ओळखीच्या नावावरच फसले.

आता एक गैरसमज. बरेच जण म्हणतात, आम्ही बटणाचा साधा फोन वापरतो, आमचं कोण ऐकणार. उलट आहे. साधा कॉल आणि साधा मेसेज कंपनीच्या यंत्रणेतून जातो आणि तिथंच तो ऐकता-वाचता येतो. कुणी कुणाला किती वाजता फोन केला, तेव्हा फोन कोणत्या टॉवरखाली होता, याची नोंद तर कंपनीकडे असतेच. व्हॉट्सअॅप किंवा सिग्नलवरचं बोलणं वाटेत वाचता येत नाही. पण फोनच दुसऱ्याच्या ताब्यात असेल, तर तुम्ही वाचता ते तोही वाचतो.

कायद्यानं सरकारला ऐकता येतं, पण मोकाट नाही. १९९६ मध्ये पीयूसीएलच्या खटल्यात सुप्रीम कोर्टानं बंधनं घातली. २०२३ चा दूरसंचार कायदा आणि २०२४ चे नियम आता लागू आहेत. गृहसचिवांचा लेखी आदेश लागतो, एका आदेशाची मुदत ६० दिवस, वाढवली तरी एकूण १८० दिवस, आणि वर आढावा समिती. ऐकायला बरं वाटतं. पण आदेश देणारेही अधिकारी आणि आढावा घेणारेही अधिकारी. न्यायाधीश कुठंच नाही, आणि ज्याचं ऐकलं त्याला कधी कळवायचंही बंधन नाही. आमचा आक्षेप इथं आहे. खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे असं नऊ न्यायमूर्तींनी २०१७ मध्ये एकमतानं सांगितलं. तो हक्क फक्त शहरातल्या माणसांचा नाही. आणि एक गोष्ट लक्षात ठेवा: हे सगळे आदेश ऐकण्याचे आहेत. कुणाच्या यंत्रात काही लिहून ठेवायची परवानगी कुठलाच कायदा देत नाही.

मग करायचं काय? फोन टाकून द्या असं आम्ही म्हणणार नाही. वनहक्काच्या दाव्यासाठी हद्दीची मोजणी आपण याच फोनवर केली. वाद झाला तेव्हा व्हिडिओ याच फोनवर निघाले. पण कुठली गोष्ट फोनवर ठेवायची आणि कुठली नाही, हे ठरवायला हवं. दावा, नकाशा, ग्रामसभेचा ठराव हे आपलं उघडं काम आहे. ते कुणीही बघावं, मोठ्यानं वाचावं. जपायची असतात ती माणसं. लाकूड कोण पळवतं याची खबर देणारा, ठेकेदाराविरुद्ध साक्ष द्यायला तयार झालेली बाई, वकिलाशी झालेलं बोलणं, आधार आणि पासबुकाचे फोटो. हे ग्रुपवर कधीच नको. साक्षीदाराचं नाव मेसेजमध्ये लिहू नका, चालत जाऊन सांगा. आपल्याला चालायची सवय आहे.

ग्रुपचं म्हणाल तर नंबर मोजा. ज्याची ओळख कुणीच देऊ शकत नाही तो काढा. व्हॉट्सअॅपमध्ये ‘लिंक्ड डिव्हाइसेस’ म्हणून एक जागा आहे, ती आजच उघडून बघा. केवायसी करतो, फॉर्म भरतो म्हणून कुणी पाच मिनिटं फोन हातात घेतला, तर तेवढ्यात तो तुमचं व्हॉट्सअॅप आपल्या कॉम्प्युटरला जोडून ठेवू शकतो. अनोळखी काही दिसलं तर तिथूनच काढून टाका. फोनला बोटाचं कुलूप नको, सहा आकडी नंबर ठेवा. बोट धरून कुणीही लावू शकतो. फोन अपडेट मागतो तेव्हा डेटा जाईल म्हणून टाळू नका, तालुक्याला गेल्यावर करून घ्या, कारण शिरायची भोकं त्यानंच बुजतात. आठवड्यातून एकदा बंद करून चालू करा. काही प्रोग्रॅम तेवढ्यानं निघून जातात, जरी परत घालता येत असले तरी. जुन्या स्वस्त फोनला अपडेट येणंच थांबतं. तसा फोन असेल तर वरची जपायची कामं त्यावर करूच नका. सेतू केंद्रात किंवा दुकानात दावा टाईप केला तर फाइल तिथं सोडू नका, ईमेल बंद केल्याशिवाय खुर्चीवरून उठू नका.

पातेल्याचं काय? फोनमध्ये रेकॉर्डिंग चालू असेल तर झाकणाखालीही आवाज थोडाफार जातो. त्यापेक्षा नाजूक विषयाच्या बैठकीला फोन दुसऱ्या घरी ठेवावेत. पण सगळेच नकोत. बाळंतपण असतं, साप चावतो. एक फोन एका माणसाकडे, बाहेर अंगणात चालू राहू द्या.

आणि फोन किंवा कॉम्प्युटर जप्त करायला आले तर? १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ प्रमाणे झडती आणि जप्तीचं व्हिडिओ चित्रीकरण बंधनकारक आहे. ते मागा. पंचनाम्यात फोनचा आयएमईआय नंबर लिहून घ्या (स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश दाबलं की दिसतो, आजच वहीत उतरवून ठेवा). ‘हॅश व्हॅल्यू’ लिहून मागा. आतल्या सगळ्या माहितीवरून काढलेला हा एक लांबलचक आकडा असतो. नंतर आत एक अक्षर जरी बदललं तरी आकडा बदलतो. जागेवर देत नाहीत असा अनुभव आहे, तरी मागितल्याची नोंद पंचनाम्यात करायला लावा. कोऱ्या कागदावर सही-अंगठा नाही. कुलपाचा नंबर मागितला तर वकिलाशी बोलल्यावर सांगतो म्हणा. आवाज चढवू नका, हात लावू नका.

दाव्याचा पुरावा फक्त फोनमध्ये असेल तर फोनसोबत दावाही जातो. म्हणून नकाशाची छापील प्रत, ग्रामसभेचं प्रोसिडिंग, उपविभागीय समितीकडे दिलेल्या कागदाची शिक्क्यासह पोहोच, याचे दोन संच करा आणि दोन वेगळ्या घरांत ठेवा. प्रोसिडिंगमध्ये चर्चा सविस्तर लिहा, शेवटच्या सहीखाली रेघ मारा, मध्ये कोरी जागा सोडू नका. उद्या कुणी म्हणालं की तुमच्या कॉम्प्युटरमध्ये अमुक पत्र सापडलं, तर आपण त्या महिन्यात खरोखर काय बोललो आणि काय ठरवलं, हे पन्नास अंगठ्यांनिशी दाखवता आलं पाहिजे.

आम्ही अजून हे पत्रक स्टेन्सिल कापून, रूळ फिरवून काढतो म्हणून शिकलेली पोरं हसतात. हसू दे. याची एक प्रत पोलीस पाटलाकडेही जाते आणि ती आम्हीच पाठवतो.

पुढच्या अमावस्येच्या बैठकीला येताना ज्यांच्याकडे स्मार्टफोन आहे त्यांनी तो घेऊन यावा, चार्ज करून. लिंक्ड डिव्हाइसेस आणि कुलूप तिथं एकेकाचं बघू. बायकांचे फोन घरातले पुरुष हाताळतात, म्हणून बायकांसाठी वेगळी बसायची सोय केली आहे. ग्रुप चालवणाऱ्यांनी सगळ्या नंबरांची यादी कागदावर उतरवून आणावी. आयएमईआय लिहायला वही आम्ही आणतो.