रागाला काम द्या

सामना दुबईत झाला आणि गोंधळ लेस्टरमध्ये. ऑगस्ट २०२२ मधल्या त्या भारत-पाकिस्तान सामन्यानंतर पुढचे काही आठवडे लेस्टरच्या रस्त्यांवर तरुण पोरांचे जथे घोषणा देत एकमेकांसमोर उभे राहिले. एका मुलीच्या अपहरणाच्या प्रयत्नाची अफवा फोनवरून फिरली. असं काही घडलंच नव्हतं हे पोलिसांनी सांगेपर्यंत ती घरोघर पोहोचलीही होती. त्यानंतर इथे ब्रिटनमधल्या आपल्या मराठी मंडळांमध्ये दोनच वाक्यं ऐकू आली. एक, ‘हे पोलिसांचं काम आहे.’ दुसरं, ‘आपली मुलं तशी नाहीत.’

दुसऱ्या वाक्याचा तेवढा भरवसा मला वाटत नाही. २०१४ साली कल्याणहून चार तरुण इराकला ‘इसिस’मध्ये सामील व्हायला गेले. त्यांत शिकणारी मुलं होती आणि घरच्यांना पत्ता नव्हता. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनाबद्दल पुण्याच्या विशेष न्यायालयाने १० मे २०२४ रोजी दोघांना जन्मठेप दिली. तेही याच मातीतले मराठी तरुण. धर्म वेगळे, पण वाट सारखीच. मनात कसली तरी बोच असते. तिला नाव देणारा कुणीतरी भेटतो. मग ‘तुझ्यासारख्या मर्दाची गरज आहे’ असं सांगणारा गट मिळतो. अशी बोच कुठल्याही घरातल्या पोराच्या मनात असू शकते. म्हणून हिंसक टोकाला जाण्यापासून तरुणांना वाचवण्यासाठी मनाच्या कणखरपणाचं जे प्रशिक्षण युरोपात काही ठिकाणी दिलं गेलं आहे, ते आपल्या रविवारच्या मराठी शाळांतही हवं, असं मला वाटतं. आणि त्याचा सगळ्यात चांगला धडा माझ्या गावात, नाशकात, आधीच गिरवला गेला आहे.

नाशिकच्या इतिहासात अपमानाला दिलेली दोन उत्तरं आहेत. पहिलं सगळ्यांना पाठ आहे. २१ डिसेंबर १९०९ रोजी विजयानंद नाट्यगृहात तरुण अनंत कान्हेऱ्यांनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या. चार महिन्यांत ते, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे ठाण्याच्या तुरुंगात फासावर गेले. शहरातलं एक मोठं मैदान आज हुतात्मा कान्हेऱ्यांच्या नावाचं आहे. परक्या सत्तेविरुद्धच्या त्या लढ्याला आजच्या दहशतवादाच्या पंगतीला बसवण्याचा माझा मुळीच विचार नाही. तक्रार एवढीच, की शाळेत आम्हाला शौर्य म्हणून हीच गोष्ट रंगवून सांगितली जायची आणि दुसरी दोन ओळींत उरकली जायची.

दुसरी गोष्ट पंचवटीतली. २ मार्च १९३० रोजी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली हजारो अस्पृश्य स्त्री-पुरुष काळाराम मंदिराकडे निघाले. दरवाजे बंद होते. मग १२५ पुरुष आणि २५ स्त्रियांची पहिली तुकडी मंदिराच्या चार दरवाजांवर बसली. कुणी कुठे बसायचं, कधी उठायचं, शिवी आली तर काय करायचं, हे ठरलेलं होतं. त्या वर्षी रामनवमीच्या रथाच्या वेळी दगड आले, डोकी फुटली. सूड घ्यायला एवढं कारण पुरेसं होतं. पण दादासाहेब गायकवाड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा सत्याग्रह पाच वर्षं चालवला. दरवाजे उघडले नाहीत. १९३४ साली बाबासाहेबांनी गायकवाडांना पत्र लिहून कळवलं, की लोकांना मूर्तिपूजक करण्यासाठी हा लढा नव्हताच. त्यांना जागं करून त्यांच्यात बळ आणण्यासाठी होता, आणि आता ते बळ शिक्षणाकडे व राजकारणाकडे वळवावं. पुढच्याच वर्षी येवल्याला त्यांनी धर्मांतराची घोषणा केली.

यात राग गिळून टाका असं कुणी म्हटलेलं नाही. रागाला जागा दिली, पाळी लावून दिली, मर्यादा घातली, आणि एक वाट बंद झाली तेव्हा दुसरी दाखवली. ज्याच्या हाती असं काम असतं, त्याला पिस्तूल देऊ पाहणाऱ्याचा शब्द लागत नाही.

नेदरलँड्समध्ये ‘डायमंट’ नावाचा एक वर्ग स्थलांतरितांच्या मुलांसाठी चालवला गेला. २०१५ साली त्याच्या अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. अवघ्या ४६ तरुणांचा अभ्यास, त्यामुळे फार ताणू नये. पण आयुष्य आपल्या हातात आहे असं ज्यांना अधिक वाटू लागलं, दुसऱ्याच्या जागी उभं राहून बघणं ज्यांना जमू लागलं, त्यांचा हिंसेकडचा कल घटला. त्यातली एक बाब मात्र आपल्याला टोचायला हवी. प्रशिक्षणात आत्मप्रौढीही किंचित वाढली, आणि ज्यांच्यात ती जास्त होती ते हिंसेला अधिक अनुकूल होते. आता आपल्या रविवारच्या शाळेकडे बघा. पोवाडे, लेझीम, गडकिल्ल्यांची चित्रं, ‘गर्वाने सांगा’ची भाषणं. हे सगळं असावंच. पण नुसता अभिमान पाजलेलं पोर पहिल्या टोमण्याला फुटतं, आणि फुटलेल्या पोराला कवेत घेणारे फोनमध्ये टपून बसलेले असतात.

मग हे पोलिसांवर का सोडू नये? इथे ब्रिटनमध्ये ‘प्रिव्हेंट’ या दहशतवाद रोखण्याच्या सरकारी धोरणाखाली २०१५ पासून शाळांवरच लक्ष ठेवण्याची कायदेशीर जबाबदारी आहे. वर्गातलं एखादं वाक्य वर कळवलं जाईल या धास्तीने मुलं बोलायचीच थांबतात, हा त्यावरचा जुना आक्षेप आहे. संशय किती महाग पडतो, हे आमच्याच जिल्ह्यातल्या मालेगावने भोगलं आहे. ८ सप्टेंबर २००६ च्या स्फोटांत तिथल्या मुसलमानांचेच जीव गेले आणि अटकही नऊ मुसलमानांनाच झाली. पाचेक वर्षं तुरुंगात काढल्यावर त्यांतले बहुतेक जामिनावर सुटले, आणि न्यायालयाने त्यांना आरोपमुक्त करायला २०१६ उजाडलं. २००८ च्या तिथल्याच स्फोटातले सातही आरोपी ३१ जुलै २०२५ रोजी निर्दोष सुटले. माणसं गेली ती गेलीच, आणि न्यायाची वाट दोन्हीकडे रेंगाळत राहिली. अशा ठिकाणी एखाद्या समाजाच्या पोरांना वेगळं काढून ‘तुम्हाला सुधारतो’ म्हणणं म्हणजे बोच वाढवणं. वर्ग घ्यायचा तर सगळ्यांचा घ्यायचा.

तो कसा घ्यायचा? आपल्याकडे वादविवाद स्पर्धेची जुनी रीत आहे. चिठ्ठी उचलायची आणि येईल ती बाजू मांडायची, स्वतःचं मत काही असो. सामन्यानंतर आलेला एखादा भडक निरोप पंधरा वर्षांच्या मुलांपुढे ठेवा. हा कुणी लिहिला असेल? मी तो पुढे धाडला तर फायदा कुणाचा? वर्गातल्या आयेशाच्या तोंडावर हेच म्हणेन का? मग निम्म्यांनी आयेशाच्या घरच्यांच्या बाजूने बोलायचं. पहिल्यांदा फिदीफिदी हसतील, दुसऱ्यांदा अडखळतील, तिसऱ्यांदा विचार करतील. पुढच्या रविवारी वर्गात काळाराम सत्याग्रह घ्या आणि विचारा, दगड आला तेव्हा तू काय केलं असतंस?

‘मुलं मवाळ होतील’ हा आक्षेप येईलच. डोकं फुटल्यावरही हात न उचलता दरवाजावर बसून राहणाऱ्याला मवाळ म्हणायची हिंमत नाशिककराची तरी होणार नाही.

नाशकात गोदाकाठी वसंत व्याख्यानमाला भरते. मे महिन्याच्या संध्याकाळी न पटणारा वक्ताही लोक शेवटपर्यंत ऐकतात आणि घरी जाताना त्याच्याशी भांडतात. ही सवय घेऊन आपण इथे आलो, पण मुलांना द्यायला विसरलो. येत्या वर्षाच्या कार्यक्रमपत्रिकेत गणपती, दिवाळी, संक्रांत आहेतच. मराठी शाळेचे चार रविवार या वर्गासाठी राखून ठेवावेत, आणि त्यांतला एक शेजारच्या मशिदीतल्या, गुरुद्वारातल्या मुलांसोबत घ्यावा, असा ठराव मी वार्षिक सभेत मांडणार आहे. विरोध असेल त्यांनी जरूर यावं. चिठ्ठी टाकू, आणि त्यांनी माझी बाजू मांडावी, मी त्यांची मांडेन.