बंद दुकानांचे सेव्हिल

स्पेनमधल्या सेव्हिलला आम्ही १ नोव्हेंबरच्या सकाळी पोहोचलो आणि हिने पहिला प्रश्न विचारला, "इथे संप आहे का हो?" सिएर्पेस ही भर बाजाराची गल्ली; तिथे ओळीने शटर खाली. आज सर्व संतांचा दिवस, देशभर सुट्टी, असे हॉटेलात कळले. मी मनातून चरफडलो. एवढे पैसे खर्चून यायचे आणि कुलपे बघायची!

पण दुकाने बंद असली की माणूस मान वर करून चालतो. खिराल्दाचा मनोरा मी त्यामुळेच नीट पाहिला. खाली बाराव्या शतकातल्या मशिदीचा विटांचा मिनार, वर सोळाव्या शतकात चढवलेले चर्चचे घंटाघर. एरवी मी त्याच्या पायथ्याशी पंख्यांच्या किमती विचारत हिंडलो असतो.

मग गाव गेले कुठे? बसथांब्यावर उलगडा झाला. फुलांचे गुच्छ घेतलेल्या आजीबाई, कडक इस्त्रीतली नातवंडे. त्यांच्यामागून आम्हीही सान फर्नांदो दफनभूमीत गेलो. गर्दी जत्रेची, आवाज मात्र हलका. कोणी फडक्याने संगमरवर पुसत होते, कोणी सुकलेली फुले काढून ताजी ठेवत होते. बैलझुंजीतला नामवंत होसेलितो १९२० मध्ये, अवघ्या पंचविशीत, रिंगणातल्या जखमेने गेला. त्याची शवपेटी खांद्यावर घेतलेली माणसे मारियानो बेन्यिउरे या शिल्पकाराने ब्राँझमध्ये घडवली आहेत. तिथे आम्ही बराच वेळ उभे होतो.

परतताना 'संतांची हाडे' नावाची मिठाई घेतली. नाव ऐकून ही दचकली. निघाली बदामाची नळी, आत अंड्याच्या बलकाचे गोड सारण!

माद्रिद प्रांताने २०१२ पासून दुकानांना वर्षभर, सुट्टीच्या दिवशीही, उघडे राहण्याची मोकळीक दिली आहे. ग्राहकाची सोय होते, हे खरे. पण मला पंखा विकण्यासाठी एखाद्या मुलीने आजीच्या थडग्यावर जायचे टाळावे, हे काही पटत नाही. बसवाला, फुलवाली, मिठाईवाला त्या दिवशीही राबत होतेच. सगळ्यांना सुट्टी मिळत नाही, मान्य. म्हणून उरलेल्यांचीही काढून घ्यायची का?

दुसऱ्या दिवशी पहाटेच आमची गाडी होती. हिचा पंखा राहिला तो राहिलाच.