मिठूची पोपटपंची

शाळेत धडा घडाघडा म्हणून दाखवला की गुरुजी म्हणायचे, "नुसती पोपटपंची नको!" म्हणजे अर्थ न कळता बोलणं. मला मात्र हा शब्द पोपटांवर अन्याय वाटतो.

कळमनुरीला आत्याकडे एक मिठू होता. त्याला "विठ्ठल विठ्ठल" शिकवायला आत्याने दोन वर्षं घालवली. मिरच्या झाल्या, पेरू झाले, पठ्ठ्या ढिम्म! पण दाराची कडी वाजली की "कोण हाय?" आणि आत्याने चप्पल पायात सरकवली की "येते गं!" हे त्याला कुणीही शिकवलं नव्हतं.

आता माझ्यातला प्रोग्रामर म्हणणार, यात काय मोठंसं? कडी वाजली की अमुक आवाज काढ, साधं इफ-एल्स. मान्य. पण अ‍ॅलेक्सचं काय करायचं? आयरीन पेपरबर्ग या बाईंनी १९७७ साली दुकानातून आणलेला हा आफ्रिकन ग्रे पोपट. त्याच्यासमोर दोन माणसं एकमेकांना वस्तूंची नावं विचारायची आणि बरोबर सांगणाऱ्याला तीच वस्तू मिळायची. बघता बघता तोही त्यात घुसला. २००७ साली तो गेला तोवर शंभराहून जास्त शब्द, रंग, आकार आणि थोडे आकडेही त्याला येत होते. सफरचंदाला तर त्याने 'बॅनरी' असं स्वतःचंच नाव ठेवलं होतं!

आत्याचं काय चुकलं ते इथे कळतं. विठ्ठल म्हटल्यावर मिळणार पेरू! त्या शब्दाचा मिठूच्या जगाशी संबंधच काय? "येते गं"चा मात्र होता. ते ऐकलं की घर रिकामं व्हायचं.

पोपट हा थव्याचा पक्षी. थव्यातल्यांचे आवाज ऐकून तो शिकतो. पिंजऱ्यात थवा कुठला? मग आपणच त्याचा थवा, म्हणून तो आपली भाषा बोलतो. ज्याचं आपल्याला कौतुक, ती त्याची नाइलाजाची सोय आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

आपले हिरवे देशी पोपट पाळणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, हे आत्याला ठाऊक नव्हतं. मलाही फार उशिरा कळलं. तुमच्या घरी असेल तर एकदम सोडून मात्र देऊ नका, सवय मोडलेला पक्षी बाहेर जगणं कठीण. वनखात्याला कळवा.

मिठू जाऊन बरीच वर्षं झाली. परवा गेलो तेव्हा आत्याच्या मागच्या लिंबावर संध्याकाळी पोपटांचा थवा उतरला. काय तो कलकलाट! एक शब्द कळला नाही. बरं वाटलं.